बाई, तुम्ही आम्हाला रिलेतली उषा दाखवलीत

आदरणीय बाई,

पत्र तुम्हालाच आहे, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. अमळनेर तालुक्यातल्या आपल्या शाळेतून ज्या ज्या पोरी धावल्या, त्या वाचतील आणि माना डोलावतील म्हणून.

पी. टी. उषा म्हटलं की लोक अजून लॉस एंजेलिसच सांगतात. १९८४ चं ऑलिंपिक, ४०० मीटर अडथळे, ५५.४२ सेकंद, शतांश सेकंदाने हुकलेलं ब्राँझ. सांगताना गळासुद्धा दाटतो त्यांचा. तुम्ही ते अर्ध्या मिनिटात उरकायचात आणि तीन दिवसांनंतरचं सांगत बसायचात. वलसम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि उषा, या चौघी ४×४०० रिलेची फायनल धावल्या, ३ मिनिटं ३२.४९ सेकंदांत, सातव्या आल्या. "ती रडत बसली असती तर बाकीच्या तिघींनी काय करायचं होतं?" एवढंच तुम्ही विचारायचात.

१९८५ ला जकार्तात आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच सुवर्णं घेतली, हे आम्हाला पाठ होतं. सहावं पदक, ४×१०० रिलेचं ब्राँझ, तुमच्यामुळे कळलं. आणि १९९८ चं जपानमधलं फुकुओका! लग्न, मूल, मधली काही वर्षं मैदानाबाहेर, आणि चौतिसाव्या वर्षी रचिता मिस्त्री, शायला, सरस्वती साहा यांच्याबरोबर त्याच आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४×१०० चं सुवर्ण. मला विचाराल तर तिच्या सगळ्या कारकिर्दीतली हीच शर्यत मला जास्त आवडते.

आईला मात्र यातलं काही पटलं नाही. "पोर पयीसन काय करी?" म्हणजे पोरगी धावून काय करणार, हे तिचं पालुपद. तुम्ही ओट्यावर बसून तिला फुकुओका सांगितलंत, ती कापूस निवडत राहिली. शेवटी तुम्ही म्हणालात, "नाशिकला स्पर्धेच्या रात्री पोरी माझ्याजवळ झोपतील, आणून सोडायची जबाबदारी माझी." तेव्हा तिने हातातलं काम थांबवलं. उषापेक्षा तुमच्या शब्दाला आमच्या गल्लीत वजन होतं, बाई.

बॅटन कुठली परवडणार? ठिबकच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा तुम्ही कानशीने घासून दिलात. काळ्या मातीत फक्कीने बॅटन बदलायचा झोन आखायचात, पाऊस पडला की पुन्हा आखायचात. मागे वळून बघायचं नाही, मागची पोर खुणेवर आली की सुटायचं, "हात!" ऐकलं की हात मागे. सगळ्यात वेगवान पोर शेवटी, हा हट्टही तुम्ही मोडलात. वळणावर जिचा पाय टिकतो तिला तिसरी ठेवायचात. पालक कुरकुरायचे, तुम्ही ऐकायचा नाहीत.

२००२ ते २०१८, भारताच्या मुलींनी आशियाई खेळांत ४×४०० रिलेचं सुवर्ण सलग पाच वेळा आणलं. २०१८ ला हिमा दासची टीम जिंकली तेव्हा मी धुळ्यात पोलिस भरतीची तयारी करत होते. भरतीत ८०० आणि १०० मीटर एकटीनंच धावायचं असतं. मी भरतीत निघाले. आता संध्याकाळी भरतीच्या पोरींना मैदानावर घेते, आणि कुणी काही म्हणो, आठवड्यातून एकदा त्यांच्याकडून रिले करून घेतेच.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. थंडी पडली की भरीत आणि कळण्याच्या भाकरी करायला येते. भाकरी मी थापीन, तुम्ही चुलीपाशी यायचं नाही.

तुमची,
तिसऱ्या नंबरवर धावणारी