टब काढून न्हाणीघर केले त्याचा हिशेब

औंध, पुणे
दि. १८ जानेवारी २०२६

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पैसे बँकेत जमा झाले. पण ते मी अजून वापरलेले नाहीत, आणि का वापरले नाहीत ते फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. तू म्हणालास की तुमच्याकडे टब काढून चालत आत जाता येईल असा शॉवर करून घ्यायचा तर दहा हजार डॉलर सहज जातात, म्हणजे आजच्या दराने नऊ लाखांच्या आसपास, आणि त्यावरून तू इथल्या खर्चाचा जो अंदाज बांधलास तो मी सोबतच्या हिशेबाने खोडून काढणार आहे. काम मागच्या मंगळवारी पूर्ण झाले. एकूण खर्च १,२८,३५० रुपये झाला.

बाबांचे काय झाले होते ते आधी सांगते, कारण त्यांनी तुला ते अर्धेच सांगितले आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात टबाच्या काठावरून पाय आत टाकताना त्यांचा उजवा गुडघा अडखळला आणि तोल सावरण्यासाठी त्यांनी नळ धरला. नळ हातात आला. ते पडले नाहीत, काठावर बसले, एवढेच आपले नशीब. तो काठ मी नंतर मोजला, तर जमिनीपासून एकोणीस इंच भरला. १९९९ साली आपण हे घर घेतले तेव्हा मास्टर बेडरूमला टब आहे म्हणून सगळ्यांना दाखवत होतो, आणि त्या टबात बसून आंघोळ केली ती बहुधा तू आणि ताईने मिळून चार वेळा. एरवी गुरुवारी पाणी बंद असले की आदल्या रात्री तो भरून ठेवायचा, गोधड्या भिजवायच्या, आणि २०२० साली घाटावर जाता येत नव्हते तेव्हा शाडूच्या गणपतीचे विसर्जनही त्यातच केले होते.

कामासाठी तिघांकडून अंदाजपत्रके घेतली. पहिले एका मोठ्या कंपनीचे होते, २,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८३,२०० रुपये. त्यात काचेचे बंदिस्त क्युबिकल, फॉल्स सीलिंग, नवा कमोड आणि संगणकावर काढलेले सुंदर रंगीत चित्र होते. दुसरे कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचे, ६८,००० रुपयांचे, तेही बिल नको असेल तर. नोकरीत बत्तीस वर्षे दुसऱ्यांची बिले तपासलेल्या बाईला हे सांगायचे धाडस त्याने केले याचेच मला कौतुक वाटले. ही दोन्ही पत्रके शेजारी ठेवून वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रकमेत चौपटीहून अधिक फरक असूनही जमिनीखालच्या कामाबद्दल दोघांनी एकेकच ओळ लिहिली होती. एकाने ‘वॉटरप्रूफिंग ट्रीटमेंट’ असे म्हटले होते, दुसऱ्याने ‘केमिकल मारून देणे’. किती हात, कुठपर्यंत, भराव काढून की भरावावरूनच, चाचणी कशी, हमी किती वर्षांची, याचा एका अक्षराने उल्लेख नव्हता.

तिसरे ठेकेदार आले ते टब पाहण्याआधी जिना उतरून खालच्या मजल्यावर गेले. ‘तुमच्या खाली कोण राहतं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. खालच्या वहिनींच्या बाथरूमच्या छतावर सुपाएवढा ओलीचा डाग होता, रंगाचे पापुद्रे सुटलेले, कडेला पांढरे मिठासारखे फुललेले. ‘दोन पावसाळे झाले,’ असे वहिनी म्हणाल्या, आणि पुढे, ‘तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हणून बोलले नाही.’ मला खरोखर शरमल्यासारखे झाले. पावसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता; ते आपल्या टबाचे पाणी होते. काम या ठेकेदारांनाच दिले.

आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा नऊ इंच ते एक फूट खाली टाकलेला असतो, त्या खोलगट भागात नळ्या टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर फरशी बसवतात. टबाचा निचरा दीड इंची नळीने त्या भरावातून जात होता आणि तिचा सांधा सुटलेला होता. टब उचलला, खालचे विटांचे चौथरे फोडले, तेव्हा भराव काळा पडलेला आणि पिळून काढावा इतका ओला निघाला. निचऱ्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी जाते तो जमिनीतला सापळा, उघडल्यावर ठेकेदारांच्या मिस्त्रीने बोटाने एक राखाडी थर खरवडून मला दाखवला आणि हे सिमेंट कसले, म्हणून विचारले. ती शाडूची माती होती. बाबांनी नमस्कार केला, मी मात्र त्या वर्षी मूर्ती बादलीत विरघळवून पाणी झाडांना घातले असते तर बरे झाले असते असे मनात म्हणाले.

म्हणजे ६८,००० च्या कामात या ओल्या भरावावर नवी फरशी बसली असती, आणि २,८३,२०० च्या कामातही बहुधा तेच झाले असते, फक्त फरशी इटालियन असती.

आता रकमा सांगते. तोडफोड आणि टब काढणे यांचे ९,००० झाले. राडारोड्याची ५८ पोती चौथ्या मजल्यावरून उतरवून टेम्पोने रीतसर टाकण्याचे ८,५०० गेले. लिफ्ट वापरायची परवानगी सोसायटीने दिली नाही आणि दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद, त्यामुळे बारा दिवसांचे काम सोळा दिवस चालले. प्लंबिंगचे १७,५०० झाले. टब स्वतःच पाणी धरून ठेवतो, म्हणून त्याला बारीक नळी चालते, पण उघड्या जमिनीवर पडलेले पाणी पडल्या पडल्या जावे लागते, तेव्हा नवा नहाणी ट्रॅप आणि ७५ मिलिमीटरची नळी टाकली, शिवाय भिंतीतल्या गंजलेल्या जीआय म्हणजे लोखंडी पाइपांच्या जागी सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे घेतले. भराव पूर्ण काढणे, स्लॅब चार दिवस सुकू देणे, वॉटरप्रूफिंगचे हात जमिनीवर आणि भिंतीवर, कोपऱ्यांत जाळीची पट्टी, मग नवा भराव, या सगळ्याचे १९,००० झाले. भराव घालण्याआधी स्लॅबवर दोन दिवस पाणी साठवून ठेवले होते आणि मी सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन वहिनींच्या छतावर हात फिरवून पाहत होते. हे चार आकडे मिळून ५४,००० होतात, म्हणजे खर्चाचे ४२ टक्के, आणि त्यातला एक रुपयाही आज डोळ्यांना दिसत नाही.

टाइल्स पूर्ण जमिनीला आणि शॉवरच्या तीन भिंतींना सात फुटांपर्यंत घेतल्या. तुटफूट धरून १३० चौरस फूट, ७५ रुपये दराने ९,७५०. जुन्या बाकीच्या भिंती तशाच ठेवल्या, रंग थोडा वेगळा दिसतो, दिसू दे. दुकानदार चकचकीत टाइल पुढे करत होता. मी घरून बाटलीत साबणाचे पाणी नेले होते, ते त्याच्या नमुन्याच्या टाइलवर ओतले आणि चपला काढून वर उभी राहिले. चकचकीतवर पाय सरकला, मॅटच्या एका प्रकारावरही सरकला, तिसऱ्यावर ठरला. तीच घेतली, आणि नंतर खोक्यावर पाहिले तर आर ११ असे, म्हणजे पाय न घसरण्याची प्रत, छापलेले होते. बसवण्याची मजुरी, सिमेंट, चिकटवण्याचे मिश्रण आणि सांध्यांचे इपॉक्सी मिळून १६,००० झाले. सिमेंटवरचा जीएसटी गेल्या सप्टेंबरात २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण आपल्याला पोती लागली सहा, तेव्हा वाचले ते चहापाण्याचे.

उतार पाच फुटांत एक इंच द्यायचा असे ठरले होते. फरशी बसल्यावर मी तांब्याभर पाणी दारापाशी ओतले आणि स्टुलावर बसून पाहत राहिले. सगळे पाणी ट्रॅपकडे गेले, फक्त डाव्या भिंतीशी पुरीएवढे थारोळे राहिले. मिस्त्री म्हणाला, वाळून जाईल. मी म्हटले, माझ्यासमोर वाळू दे. अर्ध्या तासाने त्याने दोन टाइल्स उचलल्या.

तुमच्याकडे हे काम इतके महाग का पडते ते मला आता कळते. तिकडे मजुरी जबर, आणि बाथरूमची बाकी जमीन ओली होण्यासाठी बांधलेलीच नसते, शिवाय लाकडी तुळयांवरची जमीन. त्यामुळे शॉवरचे तयार बसके भांडे, भिंतींची पॅनेले, काच हे सगळे घ्यावेच लागते, आणि उंबरठा नको म्हटले तर जमीनच कापून खाली न्यावी लागते. आपला स्लॅब मुळातच खोल असतो, म्हणून उंबरठ्याविना शॉवर आपल्याकडे जादा पैशाशिवाय होतो. सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझ्या आजीची मोरी होती तिला वर शॉवर लावला असता तर तुमचा ‘वॉक-इन’ तेव्हाच झाला असता.

काच घेतली नाही. दहा मिलिमीटरची टफन्ड काच, बिजागऱ्या धरून, साधारण १६,००० सांगितले होते. उन्हाळ्यात सोसायटी टँकर आणि बोअरवर येते, त्या जड पाण्याचे पांढरे ठिपके रोज कोण पुसणार? त्याहून मोठे कारण असे की तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि काच धरण्याची वस्तू नव्हे. पडदा आणि त्याची दांडी १,४०० रुपयांत आली.

धरण्यासाठी स्टीलच्या तीन दांड्या लावल्या, ६,३०० रुपयांच्या. त्यांच्या जागा टाइल्स लावण्याआधी ठरवाव्या लागतात हे लक्षात ठेव, कारण चार इंची भिंतीत बोल्ट भरवशाने बसत नाही. बाबांना कपड्यांनिशी आत उभे करून हात आपोआप जातो तिथे खडूने खुणा केल्या आणि त्या जागी मागून भिंत भरून घेतली. दांडी भिंतीपासून दीड इंच दूर आहे, म्हणजे बोटे मावतात पण कोपर अडकत नाही. रबरी चकतीने चिकटणाऱ्या दांड्या तू ऑनलाइन पाठवणार होतास, त्या पाठवू नकोस. त्या टॉवेल धरतील, माणूस नाही. घडीचे बाकडे ५,२०० चे. शॉवर, हातशॉवर आणि भिंतीतला डायव्हर्टर (पाणी हवे तिकडे वळवणारी चावी) मिळून १३,२०० गेले, आणि एवढे करून बाबा त्या बाकड्यावर बसून बादलीनेच आंघोळ करतात. बादलीचा नळ मी हट्टाने ठेवून घेतला होता म्हणून बरे.

या ठेकेदारांचे अंदाजपत्रक १,१२,८५० चे होते. वाढले ते १५,५०० असे: ओला भराव अपेक्षेहून अधिक निघाल्याने राडारोड्याच्या पोत्यांचे ५,००० वाढले (ते वरच्या ८,५०० मध्ये आलेच आहेत), दरवाजा आत उघडत होता तो बाहेर उघडणारा करून, बाहेरूनही खोलता येईल अशी कडी लावण्याचे ३,५०० (आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते, हे ठेकेदारांनी सुचवले, आम्हाला सुचले नव्हते), आणि वहिनींचे छत खरवडून रंगवून देण्याचे ७,०००. वहिनी नको म्हणत होत्या. दोन पावसाळे त्या गप्प बसल्या, त्याची ही किंमत फार नव्हे. ठेकेदारांनी देखरेखीचे १२,००० घेतले आणि पाच वर्षांची गळतीची हमी सहीशिक्क्यानिशी दिली. सोसायटीची १०,००० अनामत परत यायची आहे, ती मी हिशेबात धरलेली नाही.

आता तुझ्या पैशांचे. बाबांना ते परत पाठवायचे होते, आणि दोन दिवस आमचा त्यावरून वाद झाला. शेवटी असे ठरले की ५४,००० तुझ्या पैशांतून घ्यायचे, कारण ते फरशीखाली गेले आणि तिथे तुझे नाव असलेले त्यांना चालते. वरचे जे दिसते, दांड्या, बाकडे, टाइल्स, ते त्यांच्या पेन्शनमधून. उरलेली रक्कम पुढच्या आठवड्यात तुझ्या इथल्या खात्यात वळती करते. याला हरकत घेऊ नकोस, आणि फोनवर त्यांच्यापाशी विषय काढू नकोस.

सूनबाईंस आणि चिमुकलीस अनेक आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. भंगारवाल्याने टब घेतला नाही. ॲक्रिलिकला भाव नाही म्हणाला. शेवटी आपले दूधवाले टेम्पो घेऊन आले आणि मुळशीकडच्या त्यांच्या गोठ्यावर म्हशींना पाणी प्यायला घेऊन गेले. त्याबद्दल खरवसाचे दूध देणार आहेत.