दहावा माणूस

प्रिय मित्रा,
सप्रेम शालोम.

तू फोनवर विचारलंस, "गावाकडे कोण कोण गेलं रे?" आणि मी दोन नावं सांगून विषय बदलला. फोनवर हे सांगता येत नाही. तिकडून इस्राएलहून तुझ्या नातवंडांचा हिब्रू गोंधळ, इकडे माझा कान अधू. म्हणून लिहायला बसलोय. मराठी वाचण्याची सवय मोडली असेल तर चष्मा लाव आणि सावकाश वाच.

वर्षभरात आपल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांच्या, आळीतले तिघे गेले. हझान काका, नर्स काकू आणि आपला कंडक्टर. शेवटच्याचं ऐकून तू गप्प झालास ते मला कळलं.

सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे आपले हझान काका नव्याच्या सणाच्या, आपल्या नववर्षाच्या, आधी गेले. नव्वदी गाठली होती. आजारपण असं काही नव्हतं. रात्री पेज घेतली, शेमाची प्रार्थना म्हटली आणि झोपले. शाळा सुटल्यावर ओटीवर बसवून हिब्रूचं अलेफ-बेथ शिकवायचे ते तुला आठवत असेल. तुझा उच्चार चुकला की पट्टी माझ्या हातावर, कारण मी हसायचो. शुक्रवारी संध्याकाळी किड्डुशसाठी काळ्या मनुकांचं सरबत तेच करायचे, दुसऱ्या कुणाच्या हातचं त्यांना पटायचं नाही. त्यांच्यामागे आणखी एक अडचण झाली. कोंबडी कापणारे तेच होते. आता शोहेत मुंबईहून येईल तेव्हाच आळीत मटण-कोंबडी, एरवी मासळी आणि बिरडं. माझ्या डॉक्टरला ही व्यवस्था फार आवडली आहे.

पण खरं सांगू? काकांचं पुष्कळसं मागे राहिलंय. त्यांच्या नातवाने दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर त्यांच्या सगळ्या चाली भरून घेतल्या. किप्पूरच्या आहेत, सिमहाथ तोराच्या आहेत, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नवसाच्या मलिद्याच्या आहेत. आवाज थरथरतो, मधेच कुकरची शिट्टी येते, पण चाल बिनचूक. मुलगा मुंबईत आहे, तो नेमाने कद्दिश, मयतामागची प्रार्थना, म्हणतो. त्यांची काळजी नाही.

काकू हिवाळ्यात गेल्या. त्यांचं लिहिताना हात जड होतो. तू गेलास तेव्हा त्या मुंबईत रात्रपाळ्या करत होत्या, म्हणून तुला त्यांचा खरा काळ माहीत नाही. निवृत्त होऊन गावी आल्या आणि आळीतली बाई गेली की अंघोळ घालायला काकूच, असं ठरूनच गेलं. पाणी किती कोमट, आधी कुठली बाजू, कापड कुठे फाडायचं, टाका कसा घालायचा की गाठ पडू नये, सगळं त्यांना पाठ होतं. मुरुडपासून पेणपर्यंत कुठूनही निरोप आला की एसटीने निघायच्या. माझ्या आईला त्यांनीच न्हाऊ घातलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "केस विंचरलेत रे, भांग तिच्याच बाजूला पाडलाय." आई डावीकडे भांग पाडायची. माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं, काकूंच्या आलं होतं.

त्या गेल्या तेव्हा प्रश्न आला, यांना अंघोळ कोण घालणार? ठाण्याहून दोघी आल्या. टेंभी नाक्याच्या शाआर हश्शामाईम सिनेगॉगला जाणाऱ्या, शिकलेल्या, शांत बायका. त्यांनी सगळं नीट केलं. आळीतल्या सुना मात्र दाराशी उभ्या राहिल्या. वीस वर्षं काकू बोलावत होत्या, "आत या, बघून ठेवा." एकही आत गेली नव्हती. मी कुणाला दोष देत नाही. पुरुषांच्या बाबतीत मीही दाराशीच उभा असायचो.

काकूंची कीर्तनाची वही माझ्याकडे आहे. तुला माहीतच आहे, आपल्यात कीर्तनं १८८०च्या सुमारास सुरू झाली. अष्टमकरांनी हिंदू कीर्तनकाराचं ऐकून तोरातल्या, आपल्या धर्मग्रंथातल्या, गोष्टी साक्या-दिंड्यांत बसवल्या. काकूंच्या वहीत योसेफाचं आख्यान आहे, मोशेचं आहे, आणि मधल्या पानांवर चिकाच्या हलव्याचं प्रमाण, दुधाचा हिशेब, कुणाच्या बाळंतपणाची तारीख. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तिथे पानावर तेलाचा डाग आहे. ओवी म्हणता म्हणता ढवळत असणार. नव्याच्या सणाला त्या हलवा करायच्या तेव्हा नारळाचं दूध घालून तासन् तास कालथा फिरवायचा असे, आणि आम्ही पाळीपाळीने हात द्यायचो. आता लोक चायना ग्रास घालून अर्ध्या तासात उरकतात. खायला बरा लागतो, पण तो हलवा म्हणू नये.

आता कंडक्टर.

मित्रा, आपल्या तिघांत तो एकटाच गावात राहिला. तू इस्राएलला गेलास, मी ठाण्याला नोकरीला. त्याला तफिला, आपली प्रार्थना, येत नव्हती हे तुला ठाऊक आहे. शेवटपर्यंत आली नाही. सिनेगॉगमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ, पंख्याखाली. पुस्तक हातात उलटं धरलं तरी त्याला कळायचं नाही. पण शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, तो हजर. दहा पुरुष जमल्याशिवाय आपली प्रार्थना पुरी होत नाही, आणि त्याने तर आयुष्यभर एसटीत माणसं मोजली होती. आत शिरताच एक नजर फिरवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "दहा झाले. डबल बेल!" हझान काका संतापायचे. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात आपल्यात, म्हणून काका तेहिल्लीममधली, म्हणजे स्तोत्रांतली, "होशिया एथ अम्मेखा" ही दहा शब्दांची ओळ म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचे. कंडक्टर म्हणायचा, "काका, तुमची ओळ संपेपर्यंत माझी गाडी पेणला पोचते."

पुढेपुढे ओळ पुरी होईना. "नासेम"पर्यंत यायची आणि थांबायची. मग कंडक्टर चपला घालून बाहेर. अलिबागला फिरायला आलेल्या इस्राएलच्या पोरांना तो समुद्रावरून धरून आणायचा. एकदा केस रंगवलेला, कानात बाळी घातलेला एक मुलगा आणला. त्याने तोरा अशी वाचली की काकांच्या डोळ्यात पाणी आलं. कंडक्टर मागून म्हणाला, "तिकीट न काढता बसवलाय, सांभाळून घ्या."

२०१६मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हा मी त्याला फोन करून बातमी सांगितली. म्हणाला, "सरकारला आत्ता कळलं होय? मला दर शनिवारी कळतं." २०११च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात आपण अडीच हजारांच्या आसपास. त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्याला. आळीचा आकडा तू आठवून बघ, आपल्या लहानपणी क्रिकेटच्या दोन टीम व्हायच्या.

तो गुरुवारी रात्री गेला, ऐन पावसाळ्यात. छातीत दुखतंय म्हणाला आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत माती द्यायची, नाहीतर शब्बाथ लागतो. मी पहाटेच निघालो म्हणून पोचलो. ठाण्याहून जीप निघाली होती, चौघे जण. वडखळला अडकले. तो नाका तुझ्या वेळी असा नव्हता. पाऊस, कंटेनर, खड्डे, आणि फोनवर एकच वाक्य, "हललो नाही."

कबरस्तानात पाणी भरलं होतं. कोळीवाड्यातली पोरं बादल्या घेऊन खड्डा उपसत होती. त्याच्या डेपोतले म्हातारे ड्रायव्हर आले, आगरी आले, मशिदीजवळचा सायकलवाला आला, सरपंच आला. साठेक माणसं असतील छत्र्या धरून. बायका आपल्या अकरा. आणि आपले पुरुष नऊ. माझा नातू होता, पण बारा वर्षांचा, तेरा पुरी व्हायला चार महिने. तो मोजता येत नाही.

मी पुन्हा पुन्हा मोजलं. आकड्यांनी मोजलं, ओळीनेही मोजलं. पेणचे भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "दहावा आहे रे, पण तो खाटेवर आहे." हे ऐकून मला हसू आलं. मयताच्या उशाशी उभा राहून मी हसलो. तोही हसला असता.

सायकलवाल्याने विचारलं, "खोळंबा कशाचा?" सांगितलं, दहा पुरुष लागतात, नाहीतर कद्दिश होत नाही. म्हणाला, "मी उभा राहतो ना. टोपी आहे डोक्यावर. कोण बघतंय?" मी म्हटलं, "ज्याच्यासाठी म्हणायचं तो बघतोय." तो मान हलवून मागे सरला, आणि मग माती ओढायला सगळ्यांत पुढे तोच होता.

तेहिल्लीम एक्क्याण्णव वाचलं. मीच वाचलं, काका नव्हते ना. उजेड कमी होत होता. माती दिली. कबरीवर कद्दिश झाला नाही.

जीप अंधार पडल्यावर पोचली. चौघे चिखलात माखलेले, ओशाळलेले. मग सिनेगॉग उघडून अरविथ, रात्रीची प्रार्थना, केली, तेव्हा आम्ही तेरा होतो आणि कद्दिश झाला. त्याच्या जागेवर कुणी बसलं नाही, असं लिहायचा मोह होतोय, पण पाऊस आत येत होता आणि पंख्याखालची तेवढीच जागा कोरडी होती, त्यामुळे तिथे दोघे बसले.

काका जाण्याचं दुःख मोठं, हे सगळे म्हणतात. काकूंचंही म्हणतात. कंडक्टरबद्दल लोक म्हणतात, "मजेशीर होता." मला हे खटकतं. काकांची चाल मोबाइलमध्ये आहे. राजपूरकरांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रार्थना मराठीत आणून ठेवल्यात. १८७४ची पुण्याची चित्रांची हग्गादा, वल्हांडणाची पोथी, छापून मिळते. जाणकार गेला तर पुस्तक उरतं. नुसता येऊन बसणारा माणूस गेला की त्याच्या जागी काय ठेवणार? त्याच्यामागे सिनेगॉगमधलं सेफेर तोरा, तोराची गुंडाळी, आम्ही ठाण्याला नेऊन ठेवलं. दहा जमत नाहीत तिथे ते उघडायचं कसं? गावच्या हेखालला, ते ठेवायच्या कपाटाला, आता नुसता पडदा आहे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये कोचीच्या क्वीनी हालेग्वा बाई वारल्या, ८९ वर्षांच्या. सगळ्या पेपरांत आलं, परदेशी यहुद्यांमधली शेवटची बाई म्हणून. त्याआधी २०१९मध्ये सारा कोहेन गेल्या, ९६ वर्षांच्या, त्यांचंही आलं होतं. त्यांची म्हातारपणी सेवा एका मुसलमान कुटुंबाने केली. मट्टनचेरीचं ते सिनेगॉग १५६८चं, आणि कित्येक वर्षं तिथे स्थानिक दहा पुरुष नाहीत. किल्ल्या मात्र क्वीनीबाईंसारखी बाई सांभाळायची. मी ती बातमी कंडक्टरला वाचून दाखवली होती. म्हणाला, "शेवटचं माणूस गेलं की फोटो छापतात. शेवटून पाचव्याला कोण विचारतो?" आपली आळी सध्या त्या पाचव्या-सहाव्याच्या हिशेबात आहे, म्हणून पेपरवाले यायचे नाहीत इतक्यात.

आणि बायकांचं म्हणशील तर मी त्या दिवशी मोजत असताना माझ्यासमोर अकरा उभ्या होत्या. त्यातल्या तिघींना मयतासाठीची हश्काबा तोंडपाठ, मला पुस्तक लागतं. काकू असत्या तर बारा. काकू म्हणायच्या, "आम्हाला दहात धरू नका, पण जेवायला किती येणार ते तरी सांगा." याच्यावर मी मत देत नाही. माझी बायको हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी वाचणार आहे.

आता तुझ्याकडे काम. कंडक्टरला मुलगा नाही, मुलगी आहे, पनवेलला. अकरा महिने रोज कद्दिश म्हणायचा तर रोज दहा हवेत. ठाण्याला मी शब्बाथला म्हणतो, आठवड्यातल्या बाकी दिवशी जमेल तसं. तुझ्या अश्दोदला कोपऱ्यावर सिनेगॉग आहे, सकाळी सहाला तिथे दहा नव्हे, चाळीस असतात असं तूच सांगतोस. तू जात नाहीस हेही मला माहीत आहे, गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. त्याच्यासाठी जा. त्याचं आणि त्याच्या बापाचं हिब्रू नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातलंय. काकूंचंही घातलंय, त्यांच्या मुली दिमोनाला आहेत, पण मुलींकडून कद्दिश म्हणवून घेतील की नाही देव जाणे, त्यांच्या रब्बीला विचार. किप्पूरला हश्काबोथ वाचतात तेव्हा दोघांची नावं घ्यायला लाव, दान मी पाठवतो.

तू जाताना तो सांताक्रूझला आला होता, आठवतं? ड्यूटी बुडवून. त्यानेही नंतर फॉर्म भरले होते. मग फाडले. विचारलं तर म्हणाला, "तिकडे मी हजारांत एक. इथे माझ्यावाचून गाडी सुटत नाही." त्याची बायको म्हणते खरं कारण पेन्शन होतं, चार वर्षं बाकी होती. दोन्ही खरं असेल.

फेब्रुवारीत तू शेवातच्या सणाला येणार असशील तर एलियाहू हन्नाबीच्या तापाच्या ठिकाणी जाऊ, अलिबागजवळच्या खंडाळ्याला. कंडक्टरचा एक नवस राहिलाय, मुलीच्या नोकरीचा. नोकरी लागली, मलिदा राहिला. पोहे, नारळ, वेलदोडे इथून घेऊ. फळं अलिबागच्या बाजारात मिळतात. माणसं मात्र आधीपासून सांगून ठेवावी लागतील, तुझ्याबरोबर तुझे मुलगे येतील का ते कळव. दोघे आले तर बरं.

काकूंची वही कुरिअरने पाठवायला मन घेत नाही. त्यांच्या थोरल्या मुलीने मागितली आहे, तिकडे बायका पुन्हा कीर्तन बसवतायत म्हणे. तू येशील तेव्हा हातानेच घेऊन जा. तोवर मी तिची झेरॉक्स काढून घेतो, हलव्याच्या प्रमाणासकट.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. विमानाचं तिकीट काढलंस की तारीख कळव, मी ठाण्याच्या चौघांना आधीच वडखळच्या पलीकडे आणून ठेवतो.

तुझा,
मागच्या बाकावरचा दुसरा