बाबा, मेळघाटातले वणवे सांगून ठेवा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

इथे अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या मिझुलाच्या विमानतळाजवळ एक संग्रहालय आहे. तिथे ‘मिस मोंटाना’ हे जुनं सी-४७ विमान पाहिलं आणि बाबा, तुमची फार आठवण आली. ५ ऑगस्ट १९४९ ला याच विमानातून १५ जणांनी मॅन गल्च नावाच्या दरीतला वणवा विझवायला पॅराशूटने उड्या घेतल्या. इथे त्यांना स्मोकजंपर म्हणतात. दोनेक तासांत वणवा वाळल्या गवतातून चढावर त्यांच्या मागे लागला. त्यांचा म्होरक्या वॅग डॉज याने काडी ओढून समोरचं गवतच पेटवलं आणि जळल्या जागेत पालथा पडला. तो वाचला. त्याने हाका मारल्या, पण बाकीचे थांबले नाहीत. १३ जण गेले, त्यातला एक पायी येऊन मिळालेला रक्षक. डॉजने काय केलं ते वणवा अडवायला आधीच गवत जाळून जाळरेषा काढण्यात उमर घालवलेल्या माणसाला समजावून सांगायला नकोच.

विमान दाखवणारे आजोबा स्वतः निवृत्त स्मोकजंपर. दाराच्या कडेवर डावं पाऊल कुठे टेकवायचं, ते त्यांनी गुडघा धरत करून दाखवलं. या म्हाताऱ्या मंडळींची संघटना आहे. ते जंगलवाटा दुरुस्त करतात, मासिकात आठवणी लिहितात. कितीतरी जणांच्या मुलाखती मोंटाना विद्यापीठात जपून ठेवल्यात. जे जिथे पडले तिथे क्रूस उभे आहेत. त्यातला डेव्हिड नेव्हन ज्यू होता, म्हणून २००१ मध्ये त्याच्या जागी ज्यूंचा तारा बसवला. बावन्न वर्षांनी! मला हे फार मोठं वाटलं.

वाचलेल्यांपैकी सॅली आणि रम्सी १९७८ मध्ये पुन्हा ती दरी चढले, आपण कुठून निसटलो ते दाखवायला. सॅली शेवटचा, तोही २०१४ मध्ये गेला. पण त्याला वेळेत विचारून घेतलं होतं.

बाबा, तुमच्याबरोबर हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपणारे वनमजूर कोण होते? मोहाखालचा पाला पेटवल्यावर आग कुठल्या नाल्यापर्यंत यायची, कुठे अडायची? सरकारी नोंदीत किती हेक्टर जळलं एवढंच असणार. माणसं तुमच्याकडेच आहेत.

आई, जेवणं झाली की मोबाईलवर रेकॉर्डिंग तू चालू कर. बाबा ‘त्यात काय सांगायचं’ म्हणतील, ऐकू नकोस. रात्रपाळीला डबे तूच बांधून दिलेस, तुझंही बोलणं त्यात हवं. आधी नावं घ्या, गावासकट. मी इथे ऐकून लिहून काढते.

तुमची,
सुमी