रविवार कबूल करू नकोस

रावेर,
आखाजीनंतरचा तिसरा दिवस

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोका बांधला. आईने खापरावर मांडे केले आणि पहिला तुझ्या नावाने बाजूला ठेवला. संध्याकाळी तुझा मेसेज आला. मेक्सिकोतल्या बाहिया दे लोस आंजेलेसच्या उपसागरात मित्रमंडळी नांगर टाकून तुमच्या शिडाच्या बोटीची वाट बघताहेत, आणि तू त्यांना रविवार कबूल केलास. त्या रविवारासाठीच हे पत्र.

मी नकाशा काढून बसलो. कॅलिफोर्नियाच्या आखाताचा पश्चिम किनारा, मागे उघडे डोंगर, समोर आंजेल दे ला ग्वार्दा बेट. वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस नाही. आपल्याकडे ७०० च्या आसपास पडतो, तरी मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात. १५ मेपासून चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून बोटी उत्तरेला सरकतात, हे जावईबापूंनी समजावलं होतं. पण बेट आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याला ओढ फार, आणि पश्चिमेच्या डोंगरावरून वारा एकाएकी खाली उतरतो, त्याला तिकडे ‘एलेफान्ते’ म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं.

वारा मला कळतो, बेटा. गेल्या मे महिन्यात पाव तासात निसवलेली केळीची बाग आडवी झाली. घडाच्या भाराने केळीचं खोड मोडतं तेव्हा ओला, जड आवाज येतो. आईने कानांवर हात ठेवले होते.

तुला एक कधी सांगितलं नाही. तू जन्मायच्या आधीची गोष्ट. तापीपलीकडे माझ्या मित्राच्या मुलाचं बारसं होतं, श्रावणातलं. येतो म्हणून शब्द दिलेला. नावाडी म्हणाला, ‘पाणी गढूळ होतंय, वर कुठेतरी पडलाय, आज नको.’ मी ऐकलं नाही, त्याला भरीस घातलं. मधल्या धारेत नाव फिरली. त्याच्या हातातला बांबू तळाला लागेना. त्याचे ओठ पांढरे पडलेले मला अजून दिसतात. दीड-दोन किलोमीटर खाली वाहत जाऊन आम्ही काठाला लागलो. बाळासाठी नेलेलं झबलं चिखलात. मित्राच्या आईने मला जवळ घेतलं आणि रडत म्हणाली, ‘उद्या आला असतास तर मी दार लावून घेतलं असतं का रे?’ माझ्या शब्दापायी तो नावाडी जीवावर उदार झाला, हे मला आजही टोचतं.

म्हणून त्यांना आजच कळव की रविवार नक्की नाही, वारा बघून निघतो. तेही शिडावरचेच लोक आहेत, समजून घेतील.

जाताना पाणी स्वतःचं भरून न्या, त्यांच्या टाकीवर हात नको. वाटेत मिळतील तेवढे कांदे, लिंबं, कोबी घ्या. महिनाभर डब्यातलं खाणाऱ्याला ताज्या लिंबाची किंमत असते. मी दिलेले बिबडे, ते ज्वारीचे पापड, त्यांच्याकडे तळा. वांगी मिळाली तर भरीत कर. पऱ्हाटी, कापसाच्या काड्या, नसतील तिथे, गॅसवर भाज, पण लसूण-मिरची ठेचूनच घाल.

पोचलात की फोन कर, चार दिवस उशिरा केलास तरी चालेल. तुझी संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. मी बागेत पाण्याच्या पाळीवर असेन, फोन खिशातच ठेवतो.

तुझे,
बाबा