जाईच्या नालबंद चाचांना

चाचा, सलाम.

जानेवारीतल्या त्या रविवारी तुम्ही नेहमीसारखे स्कूटरला पेटी बांधून काटोल रोडवरच्या आमच्या शेतावर आलात. आमच्या घोडीचे, जाईचे, खूर कापायची पाळी होती. आणि जाई 2 दिवसांपूर्वीच गेली होती. डॉक्टर, जेसीबी, खड्डा, रडारड, या सगळ्यात तुम्हाला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही. कडुनिंबाखालची ताजी माती तुम्ही पाहिलीत, पेटी खाली ठेवलीत आणि तिथेच बसलात. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माफी तेव्हाच मागायची होती, आभारही. दोन्ही आज मागते, मानते, आणि सगळ्यांच्या देखत. जाईला बघायला माणसं येत, तिचे फोटो काढत. तिला पायांवर उभं ठेवणारा माणूस त्यांतल्या कुणाला ठाऊक नाही.

ती आली तेव्हा 16 वर्षांची होती. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींच्या ट्रॅकवर धावलेली कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी. वयाच्या दुसऱ्या वर्षी शर्यतीत उतरली, पाचव्या वर्षी पुढच्या डाव्या पायाचं टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, गेलं आणि तिचं धावणं संपलं. घोडा 25-30 वर्षं जगतो, चाचा. म्हणजे खरं आयुष्य तर तिथून पुढेच होतं, आणि त्याची तजवीज कुणीच केलेली नव्हती. या हातातून त्या हातात जात ती शेवटी वरातीत आली. डांबर, डीजे, फटाके. आमच्याकडे उतरवली तेव्हा टेम्पोच्या फळीवर पाय टाकायला तयार नव्हती.

तुम्ही तिचा पाय मांडीवर घेतलात आणि बराच वेळ नुसते बघत राहिलात. नाल लहान, खूर त्या नालेच्या मापाने कानसलेलं, खिळ्यांच्या भोकांनी कडा चिरलेली. शर्यतीत हलकी ॲल्युमिनियमची नाल असते, इथे बोटभर जाड लोखंड ठोकलेलं. तुम्ही चारही नाला काढल्यात आणि म्हणालात, “आता ठोकायचं काही नाही. हे खूर जाऊ दे. वरून नवं येते, वर्ष लागन.” मला ते तेव्हा समजलंच नव्हतं. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. तुम्ही दर 6 आठवड्यांनी येऊन थोडं थोडं जुनं उतरवत गेलात. पुढच्या उन्हाळ्यात शेवटचं खिळ्याचं भोक तुमच्या रापीखाली निघून गेलं. तो तुकडा तुम्ही माझ्या हातावर ठेवलात. त्या दिवसानंतर ती ज्या खुरांवर चालली, ती सगळी इथली, नागपूरच्या मातीत वाढलेली. तिच्या कमाईचे पाय दुसऱ्यांनी वापरून टाकले होते. तिचे स्वतःचे पाय तुम्ही तिला दिलेत.

आणि तान्ह्या पोळ्याची ती रात्र. गावातली पोरं लाकडी बैल घेऊन आली, जाईच्या कपाळालाही कुंकू लावलं, आणि प्रेमाने पुरणपोळ्या, गूळ, भिजवलेले हरभरे तिच्यापुढे ओतत गेली. आम्ही हसत उभे होतो, ही आमची चूक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खूर हाताला गरम. डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत तुम्ही पोचला होतात. घोट्यामागे दोन बोटं ठेवून नाडी पाहिलीत आणि एकच शब्द म्हणालात, “बर्फ.” अशा खाण्याने खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारी पकड सुजते, आणि ती सुटत गेली तर हाडच खाली सरकतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तुम्ही तेव्हा सांगत बसला नाहीत. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणवल्यात, घमेल्यांत फोडून तिचे पाय त्यात ठेवलेत, गोठ्यात वाळू पसरायला लावलीत. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, औषधं लिहिली, आणि म्हणाले की पाय गार ठेवायचं थांबवू नका. तुम्ही 2 रात्री घरी गेला नाहीत. पहाटे नाडी पाहता पाहता ओठ हलत होते तुमचे. मोजत होतात की दुआ मागत होतात, विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर ती 5 वर्षं चालली. मे महिन्यात 45 अंशांत ओल्या पोत्यांखाली, पावसाळ्यात काळ्या चिखलात, जिथे खुराचा मऊ भाग कुजू नये म्हणून तुम्ही दर फेरीत रापीने साफ करून मला दाखवायचात आणि “रोज घासत जा” म्हणून रागवायचात. तुमची स्कूटर फाटकाशी आली की ती आपणहून पाय उचलून उभी राहायची. हे इतर कुणासाठीही तिने कधी केलं नाही.

शेवटी वय झालं. 24 वर्षांची, पहाटे आडवी झाली ती उठेना. दुपारपर्यंत पट्टे लावून उचलायचा प्रयत्न केला, मग डॉक्टरांनी तिला कायमचं शांत केलं. मी तिचे पाय पुसले. खुरांना एक चीर नव्हती, चाचा.

त्या रविवारी मातीजवळून उठल्यावर तुम्ही भुऱ्याचे आणि दोन्ही गाढवांचे खूर कापलेत, पैसे घेतले नाहीत आणि न बोलता निघालात. ते पैसे पाकिटात घालून ठेवलेत. येत्या रविवारी परत भुऱ्याची पाळी आहे. पाकीट घ्यायचं, आणि जेवून जायचं.

तुमची बेटी,
शेतावरून