तीन दाढ्यांचा हिशेब

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत युद्धकाळातल्या विनोदी हेरपटांवर लेख आला होता. त्यात एर्न्स्ट ल्युबिचच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२) या चित्रपटाची बोळवण एका वाक्यात झाली आहे : खोटी मिशी लावली, टाचा आपटल्या की नाझी फसतात! आम्ही दोघे रंगभूषा आणि उपशीर्षकं या कामांतले. त्या एका वाक्यापुरतंच हे पत्र आहे, कारण या चित्रपटात नुसत्या मिशीवर भागत नाही. पहिल्याच प्रसंगात मिशी उघडी पडते.

ऑगस्ट १९३९, पोलंडमधलं वॉर्सा. भर रस्त्यात हिटलर उभा आहे आणि लोक थिजून बघताहेत. तो असतो ब्रॉन्स्की, किरकोळ भूमिका करणारा नट. तालमीत दिग्दर्शकाने सुनावलेलं असतं, की तू हिटलर वाटत नाहीस, छोटी मिशी लावलेला माणूस वाटतोस. ते खोडून काढायला गडी तसाच रस्त्यावर उतरलेला. अख्खी गर्दी भुलते, पण एक लहान मुलगी पुढे येते आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून सही मागते. रंगभूषा लांबून चालते, हातभर अंतरावर चालत नाही. हा नियम ल्युबिच इथे घालून देतो. प्रत्येक सोंगाला अंतर आहे आणि मुदत आहे.

गणवेशांचंही तसंच. ही मंडळी ‘गेस्टापो’ (हिटलरचे गुप्त पोलीस) नावाचं नाटक बसवत असतात, आणि हिटलर दुखावू नये म्हणून सरकार ते बंद पाडतं. नेपथ्य, गणवेश सगळं पडून राहतं. पुढे शहर जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर एका जर्मन हेराला फसवण्यासाठी थिएटरातच गेस्टापोची खोटी कचेरी उभी करायची वेळ येते, तेव्हा सामान तयारच असतं. भाड्याच्या कपडेपटातला गणवेश हटकून खांद्यात लोंबतो आणि गळपट्टीशी उचलला जातो. इथे कपडे त्याच नटांच्या मापाचे, तालमीत अंगावर बसलेले. लेखात ज्याला ‘सोयीस्कर योगायोग’ म्हटलं आहे, त्याची तयारी चित्रपटाच्या सुरुवातीलाच करून ठेवलेली आहे.

त्या खोट्या कचेरीत सोंग फसतं ते कपड्यांमुळे नाही, संवाद संपल्यामुळे. मुख्य नट जोसेफ तुरा (जॅक बेनी) गेस्टापोचा कर्नल एरहार्ट बनून बसलेला असतो. समोर तो खरा जर्मन हेर, प्रोफेसर सिलेट्स्की. तो उठायचं नाव घेत नाही आणि तुराजवळ बोलायला काही उरत नाही. मग तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोळवतो : लंडनमध्ये मला छळछावणी एरहार्ट म्हणतात म्हणे! त्यात तुराच्या बायकोचा विषय निघतो, तुरातला नवरा जागा होतो आणि पितळ उघडं पडतं. गंमत पुढे आहे. खरा एरहार्ट भेटतो, तेव्हा तोही तेच वाक्य तसंच म्हणतो.

आता दाढीकडे वळू. सिलेट्स्की मारला जातो आणि तुरा त्याचं सोंग घेतो : दाढी, चष्मा. दुसऱ्या दिवशी खऱ्या सिलेट्स्कीचं प्रेत सापडतं. एरहार्ट तुराला बोलावतो आणि प्रेत ठेवलेल्या खोलीत एकटं सोडतो, म्हणजे घाबरून तो स्वतःच कबूल होईल. एरहार्टच्या डोक्यातला हिशेब साधा आहे : दोघांतला एक खोटा, आणि खोट्याची दाढी ओढली की निघणार. तुरा तोच हिशेब उलटा फिरवतो. खिशात जादा दाढी असतेच. तो प्रेताची खरी दाढी भादरतो, जादा दाढी तिथे चिकटवतो आणि मग बोलता बोलता एरहार्टलाच ती ओढायला लावतो. ती हातात येते, आणि कर्नलसाहेब माफी मागतात!

हे जमण्यासारखं आहे का? बऱ्याच अंशी आहे. दाढी दोन प्रकारे लावतात. एक, क्रेपचे केस सुटे करून, स्पिरिट गम या चिकट द्रवावर हनुवटीखालून वरच्या दिशेने थरांवर थर बसवायचे आणि मग कात्रीने आकार द्यायचा. याला बराच वेळ जातो आणि ही दाढी दुसऱ्यांदा वापरता येत नाही. दुसरी, बारीक जाळीवर केस विणलेली तयार दाढी. खिशात मावते ती हीच. कातडी कोरडी आणि तेल पुसलेली हवी. गमचा पातळ हात द्यायचा, बोटाने टिपत राहायचं, चिकटपणा आला की जाळीची कड दाबून धरायची. घाई केली, गम ओला असतानाच दाढी टेकवली, की ती सरकते. नुकतीच ओली हजामत झालेली असेल तर पाणी नीट टिपल्याशिवाय गम धरत नाही, आणि खुंट राहिले असतील तर गम केसांना धरतो, कातडीला नाही. स्पिरिट गम म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली राळ. मद्यार्क उडाला की ती पकडते, त्यामुळे थंड कातडीवर जास्त थांबावं लागतं. एकदा बसली की मात्र प्रेताला घाम येत नाही, जबडा हलत नाही. दाढी टिकायला याहून उत्तम चेहरा नाही! जिवंत नटाची दाढी सुटते ती आधी ओठांच्या कोपऱ्यांशी, बोलून बोलून, आणि मग कानाजवळ, घामाने.

म्हणजे चित्रपटात दाढ्या तीन : एक खरी, एक तुराच्या तोंडावरची, एक खिशातली. खरी वस्तऱ्याने गेली, खिशातली एरहार्टने उपटली. तिसरी उपटतात तुराचेच सहकारी. सगळं निभावलेलं आहे हे माहीत नसल्यामुळे ते जर्मन अधिकारी बनून त्याला सोडवायला येतात आणि सगळ्यांदेखत त्याची दाढी ओढतात. ल्युबिच स्वतः बर्लिनमध्ये माक्स राइनहार्टच्या नाटक मंडळीत लहानसहान भूमिका करून पुढे आलेला. विनोदाची ही जुळणी रंगपटात वावरलेल्या माणसाचीच आहे. आपल्याकडच्या वेषांतराच्या नाटकांत टोप निसटला की घरमालक हाकलतो किंवा लग्न मोडतं. इथे गोळी बसते. खटके मात्र तेच.

खऱ्या युद्धात चिकटवलेल्या दाढीवर फारशी मदार नव्हती. शत्रूच्या मुलखात महिनोन्‌महिने राहायचं तर भांग बदलणं, चष्मा, चाल बदलणं आणि त्या देशाच्या शिलाईचे कपडे हेच कामाचं. लेबल आणि धोब्याची खूण काढून टाकलेली. ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेच्या अशा सामानाचा विभाग जे. एल्डर विल्स सांभाळत, आणि ते मूळचे चित्रपटांचे कलादिग्दर्शक! १९४४ च्या मे महिन्यात ब्रिटिश सेनानी जनरल माँटगोमेरींचा तोतया म्हणून जिब्राल्टरला पाठवला तो क्लिफ्टन जेम्सही नटच. त्याच्या एका हाताचं मधलं बोट पहिल्या महायुद्धात गेलेलं, म्हणून कृत्रिम बोट बसवावं लागलं.

लेखात शेवटी फिल्म सोसायट्यांनी असे चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावेत असं म्हटलं आहे. जरूर दाखवावेत. मात्र उपशीर्षकं करणाऱ्यांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

एरहार्टचं ते वाक्य दर वेळी अक्षर न अक्षर तेच ठेवा. पुनरुक्ती खटकते म्हणून भाषांतरकार शब्द बदलतात, आणि मग खरा एरहार्ट ते बोलतो तेव्हा प्रेक्षागृह गप्प बसतं.

तुरा रंगमंचावर म्हणतो त्या शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या स्वगताचे पहिले शब्द, ‘टू बी ऑर नॉट टू बी’, ही चित्रपटात खूण आहे. ते ऐकताच प्रेक्षकांतला तरुण वैमानिक उठून तुराच्या बायकोला भेटायला निघतो. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरापासून हे स्वगत मराठीत आहे आणि ‘जगावं की मरावं’ म्हटलं की आपल्या कानात ‘नटसम्राट’ घुमतो. ते भारदस्त ओझं इथे नको, पण शब्द तेच हवेत, कारण ओळख तात्काळ पटायला हवी. तेवढेच तीन शब्द द्या, आणि ओठ हलताक्षणी द्या. पुढचं सगळं स्वगत दोन ओळींत कोंबलं तर प्रेक्षक वाचत बसेल आणि उठणारा वैमानिक निसटेल.

तिसरी गोष्ट त्या लहान मुलीची. ‘मिस्टर ब्रॉन्स्की’चं मराठीत ‘ब्रॉन्स्कीकाका’ करायला हरकत नाही, आपलं पोर तसंच म्हणेल. फक्त ती अक्षरं तिने तोंड उघडण्याआधी पडद्यावर येऊ देऊ नका. अर्धा सेकंद आधी आली, तरी हिटलरची मिशी आपण उपटली असं होतं.

आपले,
दोन वाचक, ठाणे