रोपं सर्वांत शेवटी आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘घराभोवती लावा ही दहा झाडं’ अशा याद्या येतात आणि रविवारी रोपवाटिकांसमोर गाड्यांची रांग लागते. याद्या चुकीच्या नसतात, पण बागेची सुरुवात तिथून होत नाही. नव्या बंगल्यासमोरच्या तीन-चारशे चौरस फुटांत पहिल्याच वर्षी जी झाडं दगावतात, त्यांत रोपाचा दोष क्वचित असतो. दोष खालच्या जमिनीचा असतो.

बांधकाम उरकलं की विटांचे तुकडे, सांडलेलं सिमेंट, प्लास्टरचा भुगा हे सगळं अंगणातच पसरतात आणि वर चार इंच लाल माती ओढून देतात. दिसायला जमीन झकास. सिमेंट-चुन्यामुळे मात्र ती विम्ल (अल्कधर्मी) होते, लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि जास्वंद-गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग युरियाचा मारा सुरू होतो. त्याने लोहाची कमतरता भरून निघत नाही. जिथे वाफे करायचे तिथला राडारोडा दीड फूट खोलीपर्यंत काढून टाकणं हाच उपाय, आणि तो घराचा ताबा घेण्याआधी ठेकेदाराकडून करून घ्यावा. नंतर मजूर लावून उपसायला गेलात की खर्चाचा आकडा बघून तो बेत बारगळतोच.

नवी माती ब्रासने मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे दहा बाय दहाचा वाफा एक फूट भरतो. माती उतरवून घेण्याआधी मूठभर चाळून पाहा: काळ्या, सुपारीहून लहान गाठी दिसल्या तर तो लव्हाळा. एकदा आत शिरला की वर्षानुवर्षं खुरपत बसावं लागतं, ट्रॉली परत पाठवलेली बरी. दोन भाग मातीला एक भाग शेणखत पुरे, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या खतातून हुमणी अळी येते आणि ती मुळं कुरतडते.

निचरा तपासायला बाहेरचं कोणी बोलवावं लागत नाही. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून बसा. दुसऱ्या भरणीत तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर तिथे खड्डा करून झाड लावू नका. काळ्या चिकण जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की आजूबाजूचं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं आणि ऐन ऑगस्टमध्ये मुळं कुजतात. अशा ठिकाणी नऊ इंच ते फूटभर उंच वाफा करून वरच लावावं. वाफ्याची माती जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे, आणि उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना अडीच इंचांच्या आसपास. नाहीतर ओल भिंतीत चढते.

उन्हाबाबत सर्वांत जास्त फसगत उत्तरेच्या अंगणात होते. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे जूनमध्ये पाहणी केली की ती बाजू उन्हाची वाटते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो, आणि वीस फूट उंच घराची सावली उत्तरेला अठरा फुटांपर्यंत जाते. पेटुनिया, डायँथस, फ्लॉक्स ही थंडीची फुलझाडं तिथे नुसती पाल्याने वाढतात. उत्तरेला नेचे, अॅग्लोनिमा, मनी प्लांट ठेवावेत. फुलांचे वाफे दक्षिणेला किंवा पूर्वेला.

लॉनचा हट्ट हा एक वेगळाच विषय. हजार चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे साडेचारशे ते साडेपाचशे लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटर आहे. चौघांच्या घराचं पाणी गवत पिणार असेल तर शंभर-दीडशे चौरस फुटांवर समाधान मानावं, आणि तेही सहा तास ऊन मिळणाऱ्या जागी. झाडांना ठिबक उत्तम. मात्र दहा-बारा फूट उंचीवरच्या गच्चीतल्या टाकीचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो भरतो, त्यावर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) नीट चालत नाहीत. कमी दाबावर चालणारेच मागून घ्यावेत. बोअरचं पाणी असेल तर क्षाराने ते चोंदतात, म्हणून फिल्टर हवा आणि महिन्यातून एकदा नळीचं टोक उघडून पाणी वाहू द्यावं.

लावताना पिशवी पूर्ण फाडून काढा. आंध्रातल्या कडियम या रोपवाटिकांच्या गावाकडून येणारी पुष्कळ रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच पुरला तर बाहेरची माती ओली आणि आतलं मूळ कोरडं, असा प्रकार होतो. कडा हलक्या हाताने मोकळ्या कराव्यात, गोल गुंडाळलेली मुळं कापावीत. खोडाचा बुंधा जमिनीच्या पातळीलाच राहावा आणि कलमाचा जोड मातीच्या वर. जोडाखालून फुटवा आला की लगेच काढावा, नाहीतर हापूसच्या जागी रायवळ वाढतो. मुहूर्त म्हणाल तर पहिल्या सरीचा नव्हे. जूनमधली उघडीप आठ-दहा दिवस ताणली तर नव्या रोपाचे हाल होतात. जमीन फूटभर ओली झाल्यावर लावावं.

अंतर ठरवताना पिशवीतलं रोप विसरा. जास्वंद, तगर पाच-सहा फूट पसरतात; झाडाच्या पूर्ण पसाऱ्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून सोडायचं. पहिली दोन वर्षं मोकळं दिसेल, तिथे झेंडू-शेवंती भरा. सप्तपर्णी, गुलमोहर, रबर यांना छोट्या अंगणात जागाच नाही. झटपट आडोसा म्हणून विकला जाणारा कोनोकार्पसही नको. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि चूक झाली म्हणून पुढे हवं तेव्हा तोडू म्हणावं, तर शहरात १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

रोपवाटिकांच्या पाट्यांवर नाव आणि किंमत असते. त्याच पाटीवर पूर्ण वाढीची उंची, पसारा आणि किती तास ऊन लागतं एवढं लिहिणं अवघड नाही. रोपवाटिकाचालकांनी यंदाच्या हंगामापासून ते करावं, आणि आपल्या पुरवणीतल्या प्रत्येक झाडापुढेही हे तीन आकडे छापावेत, ही विनंती.

कळावे,
एक उद्यानरचनाकार, पुणे